आधीच हसलेला चेहरा

सुरुवात

"बाबा, बरे आहात ना?"

"हो, हो."

"जेवलात ना?"

"जेवलो."

"गोळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या."

"मग ठेवते हं. मीटिंग आहे."

"ठेव, ठेव."

हा फोन आपल्यापैकी प्रत्येकाने केला आहे. लिफ्टची वाट बघताना, सिग्नलला थांबल्यावर, एका हाताने भांडी आवरताना. फोन ठेवला की कर्तव्य पार पडल्याचं समाधान मिळतं. पलीकडच्या माणसाला काय मिळतं, हे बघायला थांबतो कोण?

या गोष्टीतल्या मुलीने तर हा फोनही बंद केला होता. ती निष्ठुर होती म्हणून मुळीच नाही. तिने फोनपेक्षा सोपं काहीतरी तयार केलं होतं, म्हणून.

घरात तिला छोटी म्हणत. लग्न झालं, केसांत पांढरी बट आली, तरी छोटीच. ऑफिसात ती डिझायनर होती, आणि तिच्या हातात एक अ‍ॅप होतं. माणसाने स्वतःची काळजी घ्यावी म्हणून केलेलं अ‍ॅप. पाणी प्यालात का? थोडं चाललात का? मन कसं आहे? रोजनिशीत दोन ओळी लिहिता का?

मनासाठी पाच चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. पण चाचणी घेतली तेव्हा मोठीच पंचाईत झाली. लोक पाणी नोंदवत, चालणं नोंदवत, आणि चेहऱ्यांपाशी येऊन अडत. बोट हवेत राही. मग फोन बाजूला ठेवला जाई.

"इथेच गाडी अडते आपली," ऑफिसचा प्रमुख म्हणाला. त्याला सगळे कॅप्टन म्हणत, कारण तो दर वाक्यात 'आपली टीम' म्हणे आणि निर्णय मात्र एकटाच घेई.

छोटीने त्यावर तोड काढली. हसरा चेहरा आधीच निवडलेला ठेवायचा. खाली मोठं बटण: 'पुढे'. रोजनिशीतही एक वाक्य तयार ठेवायचं: 'आजचा दिवस छान गेला.' ज्याला बदलायचं त्याने बदलावं, बाकीच्यांनी पुढे जावं. एका बोटात दिवस पूर्ण!

दिवस पूर्ण करणाऱ्यांचा आलेख असा वर गेला की कॅप्टनने मिठाई मागवली.

शिवाय अ‍ॅपमध्ये 'आपली माणसं' नावाचं पान होतं. घरच्यांचे चेहरे तिथे ठिपके होऊन दिसत. हसरा असला की हिरवा ठिपका. छोटीच्या बाबांचा ठिपका पहिल्या दिवसापासून हिरवा. दूरदेशी राहणारा दादाही तोच ठिपका बघे आणि निर्धास्त झोपे. आई गेल्यानंतर दोघांनी बाबांना हे अ‍ॅप घालून दिलं होतं. फोन हळूहळू कमी झाले. मग थांबले.

आता हे अ‍ॅप एका संस्थेला जाणार होतं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फोन करून त्यांच्याशी बोलणारी ही संस्था. फोन करणारी माणसं थोडी, वृद्ध पुष्कळ. म्हणून असं ठरलं होतं, की ज्यांचा ठिपका हिरवा त्यांना फोन करायची गरज नाही. सोमवारी संस्थेच्या बाई येणार, होकार देणार, आणि अ‍ॅप सुरू होणार.

"आपल्या टीमला एक फोटो हवा," कॅप्टन म्हणाला. "खराखुरा आनंदी माणूस. ज्याचा ठिपका कधीच बदलला नाही असा."

"माझे बाबा!" छोटी म्हणाली.

आज कसं वाटतंय? (हसरा चेहरा निवडला आहे)

शनिवारी दुपारी छोटी कॅमेरा घेऊन बाबांकडे गेली.

खाली बाबांची गाडी उभी होती. बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. स्वतःची गाडी पुसल्याखेरीज त्यांचा सकाळचा चहा घशाखाली उतरत नसे. आज तिच्या काचेवर धुळीचा असा थर होता, की कुणीतरी त्यात बोटाने मांजर काढून ठेवलं होतं. छोटीला गंमत वाटली. तिने मांजराचा फोटो काढला.

दार उघडायला वेळ लागला.

"कोण?"

आवाज बाबांचाच, पण बरेच दिवस न सोडलेल्या नळासारखा. आधी खरखर, मग थेंब, मग धार.

"बाबा, घसा बसलाय?"

"नाही गं. वापरात नव्हता."

आत पडदे ओढलेले. टीव्ही चालू, आवाज बंद. सोफ्यावर उशी आणि पांघरूण. झोपायच्या खोलीचं दार लावलेलं, आणि त्या दाराला टेकवून कपडे वाळत घालायचा स्टँड उभा केलेला, म्हणजे ते दार चुकूनही उघडलं जाऊ नये. स्वयंपाकघरात एक कप, एक ताटली, पावाचं अर्धं पाकीट.

"इथे झोपता?"

"इथे वारा येतो."

खिडक्या बंद होत्या.

छोटी आली होती त्या कामाला लागली. कॅमेरा वर केला.

"जरा हसा बाबा."

बाबा हसले. लगेच हसले. कॅमेऱ्याच्या चौकटीत ते हसू आलं. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. तिनेच ते काढलं होतं, गोल चेहऱ्यावर, पिवळ्या रंगात.

तिने कॅमेरा खाली घेतला.

"बाबा, तुम्ही रोज हसरा चेहरा लावता."

"मी कुठे लावतो? तो लागलेलाच असतो. मी 'पुढे' दाबतो."

"पण बदलता येतो की!"

"बदलला होता एकदा." बाबा सोफ्यावर उशी सरकवून बसले. "तुझ्या आईचा वाढदिवस होता. म्हटलं आज तरी खरं सांगू. रडका लावला. तर विचारतं कसं, 'तुम्हाला खात्री आहे?' अगं, माझ्या बायकोच्या वाढदिवशी मला एक फोन विचारतो, खात्री आहे का! मग म्हणे कारण निवडा. झोप, तब्येत, हवामान."

"हवामान," बाबा पुन्हा म्हणाले आणि खो खो हसले. हे हसणं खरं होतं. हसता हसताच त्यांनी डोळे पुसले.

"मग काय निवडलंत?"

"खाली बारीक लिहिलं होतं, 'तुमच्या माणसांना कळवलं जाईल.' म्हटलं नको. पोरगी कामात, पोरगा तिकडे. कशाला दोघांच्या जिवाला घोर? मागे आलो. हसरा होता तो राहू दिला."

"ते 'खात्री आहे का' मीच घातलं होतं," छोटी हळूच म्हणाली. "चुकून बोट लागू नये म्हणून."

"आणि हसऱ्यावर चुकून लागलं तर?"

छोटीने कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

तरी तिने एकदा बाजू मांडून पाहिली. आपल्या हातची वस्तू वाईट आहे हे कुणाला एकदम मान्य होतं? "बाबा, लोकांना सोपं लागतं. कोरं ठेवलं तर ते काहीच सांगत नाहीत."

"सोपं कुणाला, छोटे? मला, की तुला?"

हा प्रश्न बाबांनी रागाने विचारला नव्हता. रागाने विचारला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

"हे बघ," बाबा म्हणाले. "शिकवायच्या गाडीत माझ्याही पायाखाली ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी तोच थांबवतोय. थांबवतो मी. शिकवण्यापुरतं ते ठीक आहे. पण तुझ्या अ‍ॅपात बोट माझं आणि उत्तर तुझं, हे कसं चालेल? विचारायचं असेल तर विचार. नसेल तर राहू दे. पण विचारल्यासारखं करू नकोस. त्याने माणूस जास्त एकटा पडतो."

"मला कुणी सांगितलं नाही बाबा. तुम्हीसुद्धा नाही."

"तुझ्या एकटीचा दोष नाही गं. सगळं जगच असं विचारतं. शेजारचे लिफ्टमध्ये भेटले की म्हणतात, 'काय, मजेत?' मी तोंड उघडेपर्यंत त्यांचा मजला येतो."

छोटीने टीव्ही बंद केला. खिडकी उघडली. मग ती खाली, बाबांच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "सांगा."

बाबा पुष्कळ वेळ काहीच बोलले नाहीत. ती उठली नाही.

आज कसं वाटतंय?

. . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . .

नागरिकहो, वरची ओळ तुमच्यासाठी मोकळी सोडली आहे. भरलीच पाहिजे असं नाही. आणि न भरता पुढे गेलात, तर तुमच्या वतीने कुणीही ती भरणार नाही.

दादाशी बोलणं

"दादा, बाबा बरे नाहीत."

"काय सांगतेस! अगं आत्ताच बघितलं मी. हिरवा आहे."

"तो हिरवा मी केलाय."

"म्हणजे? तू त्यांच्या फोनवर...?"

"त्यांच्या नाही. सगळ्यांच्याच फोनवर."

"मला कळेल असं बोल बुवा."

"ते आईच्या खोलीत जात नाहीत. सोफ्यावर झोपतात. पाव खाऊन राहतात. आणि रोज तुला हिरवे दिसतात."

मग दादा म्हणाला, "मग तू तो रंग नीट कर ना लवकर."

"रंग मी करीन. तू काय करशील?"

"मी एवढ्या लांबून काय करणार?"

फोन ठेवताना छोटीच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. सोमवारी हे अ‍ॅप असंच बाहेर पडलं, तर ज्यांना आज निदान संस्थेचा एक फोन येतो त्यांचाही तो बंद होईल. त्यांच्या घरीही पडदे ओढलेले असतील, आणि ठिपका हिरवा असेल. हे ती होऊ देणार नव्हती. काही झालं तरी!

खात्री आहे?

सोमवारी सकाळी ती प्रोग्रॅमरच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"आधी निवडलेला चेहरा काढायला किती वेळ लागेल?"

"एका ओळीचं काम," प्रोग्रॅमर चष्मा पुसत म्हणाला. "पण ती ओळ बदलायची परवानगी मिळेस्तोवर मी निवृत्त होईन."

"आज बदलायची आहे."

"आज? आज संस्थेच्या बाई येतायत. कॅप्टन मला खिडकीतून खाली सोडेल."

"तळमजल्यावर आहोत आपण."

"म्हणूनच अजून नोकरीत आहे मी," तो म्हणाला, पण त्याने ती फाइल उघडली.

कॅप्टनला कळायला वेळ लागला नाही. त्याने छोटीला काचेच्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

"फोटो कुठे आहे?"

"काढला नाही. बाबा आनंदी नाहीत."

"अगं, मग दुसऱ्या कुणाचा..."

"सर, दुसरे कोण आनंदी आहेत तेच आपल्याला माहीत नाही. आपण त्यांना विचारलेलंच नाही."

कॅप्टन खुर्चीत मागे रेलला. "हे बघ, तुझ्या घरात काहीतरी झालंय. वाईट वाटतं मला, खरंच. पण घरचं दुःख असं आपल्या टीमवर काढू नये माणसाने."

"का काढू नये? परवा घरचं सुख आणून देणार होते, तेव्हा तुम्ही फ्रेम करून लावणार होतात."

"रिकामी जागा दिसली की लोक निघून जातात! हा आपल्या धंद्यातला पहिला धडा. निम्मे लोक काहीच दाबणार नाहीत. आलेख कोसळेल."

"कोसळू दे. आत्ता उभा आहे तो खोटा आहे."

"बाईंसमोर एक अक्षर बोलायचं नाही," कॅप्टन म्हणाला. "कळलं?"

"कळलं सर. पण ऐकणार नाही. कामावरून काढायचं असेल तर बाई गेल्यावर काढा. तेवढा वेळ मला हवाय."

आजवर या खोलीत कुणी असं बोललं नव्हतं.

संस्थेच्या बाई आल्या. पदर कमरेला खोचून कामाला लागणाऱ्यांपैकी होत्या, चहा पुढे आला तर म्हणाल्या, "आधी काम." कॅप्टनने भिंतीवर आलेख दाखवला. हिरवा रंग डोंगरासारखा चढत गेलेला.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "एवढी माणसं सुखात आहेत म्हणजे आम्ही बाकीच्यांकडे बघायला मोकळे."

"बाई," छोटी उभी राहिली. कॅप्टनने घसा खाकरला. ती थांबली नाही. "तुम्हीही हे अ‍ॅप वापरून बघताय ना? परवाचा तुमचा चेहरा कोणता होता?"

बाईंनी पर्समधून फोन काढला, चष्मा चढवला. "परवा... हसरा."

"आणि रोजनिशी?"

"'आजचा दिवस छान गेला.'" बाईंनी वाचलं. मग कपाळाला आठी पडली. पुन्हा वाचलं. "परवा? अहो, परवा माझ्या बहिणीला दवाखान्यात नेलं मी. सबंध दिवस बाकावर बसून काढला. डॉक्टर काय सांगतील या धास्तीने घोटभर पाणी प्याले नाही. परवाचा दिवस छान? हे मी लिहिलेलं नाही!"

"नाही लिहिलंत. मी लिहिलं. तुम्ही फक्त 'पुढे' दाबलंत."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि ह्याच्यावरून आम्ही ठरवणार होतो, फोन कुणाला करायचा नाही ते?"

"हो."

"देवा!"

कॅप्टनने अखेरचा प्रयत्न केला. "बाई, त्यावर उपाय आहे. पण चेहरा कोरा ठेवला, तर निम्मे लोक काहीच सांगणार नाहीत, हे लक्षात घ्या."

"मग त्यांनाच आधी फोन करू," बाई म्हणाल्या. "अहो, जो काही सांगत नाही त्याच्यासाठीच तर आमची संस्था आहे."

कॅप्टनने आलेखाकडे पाहिलं. मग, का कोण जाणे, खिशातला स्वतःचा फोन काढून पाहिला. टेबलाच्या खाली, कुणाला दिसू नये अशा बेताने. छोटीला दिसला. पिवळा, हसरा, ओळीने सगळे.

"कालसुद्धा हसराच," तो पुटपुटला.

"आणि कालचा दिवस कसा होता, सर?"

कॅप्टन काहीतरी विनोद करणार होता. तोंड उघडलं, पण विनोद आला नाही. "विचारू नकोस," तो म्हणाला. मग जरा थांबून, "नाही, विचार. नंतर विचार. आधी ती ओळ बदला."

पुढे

अ‍ॅप त्या दिवशी बाहेर पडलं नाही.

छोटीने एकेक पान उलगडून पुन्हा बसवलं. चेहरे पाचच ठेवले, पण निवडलेला एकही नाही. 'खात्री आहे?' हा प्रश्न काढला. कारणांची यादी काढली. हवामान काढताना तिचा हात जरा जास्तच जोरात पडला. रोजनिशी कोरी केली. मन घरच्यांना दाखवायचं की स्वतःपाशी ठेवायचं, हे ज्याचं त्याने रोज ठरवावं. आणि 'आपली माणसं' या पानावर ठिपक्याशेजारी फोन लावायचं बटण आलं, ठिपक्याहून मोठं.

आलेख कोसळला. कॅप्टनच्या भाकिताप्रमाणे निम्मे लोक चेहऱ्यांपाशी थांबले आणि निघून गेले. संस्थेतल्या माणसांनी त्या निम्म्यांना फोन लावायला घेतले. एका आजोबांनी फोन उचलून आधी विचारलं, "काय विकायचंय?" काही विकायचं नाही, तुमच्याशी बोलायचंय, असं ऐकल्यावर त्यांनी फोन आपटला. मग थोड्या वेळाने स्वतःच उलट फोन केला.

छोटीही बाबांना फोन करू लागली. सोपं नव्हतं ते. जुनी सवय जाता जात नाही. "जेवलात ना" हे शब्द ओठांवर येत आणि ती ते गिळून टाकी. त्याऐवजी विचारी, "काय केलंत आज?" बाबा म्हणत, "काही नाही." पूर्वी इथे फोन संपला असता. आता ती थांबे. दोन्हीकडे शांतता. कधी बाबा "बरं" म्हणून ठेवून देत. आणि कधी त्या शांततेतून एखादं वाक्य वर येई.

"ती खोली उघडायची म्हणतोय," एकदा ते म्हणाले. "एकट्याने होत नाही."

ती गेली. दोघांनी स्टँड बाजूला केला, दार उघडलं. आत आईचे कपडे, आईचा वास, आईची उशी. बाबा पलंगाच्या कडेवर बसले आणि खूप रडले. छोटीने "रडू नका" म्हटलं नाही. जीव तुटत होता, तरी म्हटलं नाही. आपणही शेजारी बसून रडली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं सांगितलं तर तेही आधीच भरून ठेवलेलं उत्तर होईल. बाबा काही दिवस चालायला जात, काही दिवस जात नसत. पाव सुटला नाही. पण ते बोलू लागले.

एका सकाळी छोटी ऑफिसला निघत होती, तेवढ्यात दादाचा फोन आला. आवाजात नुसती घालमेल.

"छोटे! बाबांनी आज रडका चेहरा लावलाय! आणि मला दाखवलाय! तू पाहिलास का? काय झालं असेल गं?"

"मला काय माहीत?"

"मग विचार ना त्यांना!"

"दादा, चेहरा कुणाला दाखवलाय त्यांनी?"

"मला."

"मग मला कशाला फोन करतोस? त्यांना कर."

"अगं पण मी काय बोलू? मला असलं बोलता येत नाही."

"बोलायचं नाहीच आहे. विचार, आणि गप्प बस."

दादाने फोन ठेवला. छोटीने जरा वेळाने बाबांना लावून पाहिला. लागला नाही, ते दुसऱ्या फोनवर होते. ऑफिसात पोचल्यावर पुन्हा लावला. अजून बोलत होते. चहाच्या वेळी लावला. अजूनही!

नागरिकहो, आपल्या घरातल्या, शेजारच्या, ऑफिसातल्या माणसाची काळजी घ्यायला कुठलंही अ‍ॅप लागत नाही, आणि अ‍ॅप असलं म्हणून काही बिघडतही नाही. बिघडतं ते आपल्या सोयीचं उत्तर त्याच्या तोंडी आधीच घातल्यामुळे. म्हणून प्रश्न विचाराल तेव्हा उत्तराची जागा कोरी ठेवा. तिथे दुःख येईल, राग येईल, कदाचित काहीच येणार नाही. जे येईल ते येऊ द्या, आणि तोवर फोन ठेवू नका.